चंपीच्या अहवालातला एक शब्द

डॉक्टर, सप्रेम नमस्कार.

आमचं घर गुहागर तालुक्यात, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. दारात तीन कोंबड्या होत्या. त्यातली चंपी तीन वर्षांची, तपकिरी, टेम्पोवाल्याकडून पिल्लू म्हणून घेतलेली. ती माझ्यामागून माजघरापर्यंत यायची आणि मी तांदूळ निवडायला बसले की सुपाशेजारी बसायची. वैशाखात एका सकाळी ती खुराड्यात मेलेली दिसली. आदल्या दिवशी नुसती गप्प होती. माझा भाचा घाटावर पशुवैद्यकीला शिकतो. तो म्हणाला, पुरू नकोस, तपासून घेऊ. दुसऱ्या दिवशी दुपारी कुंभार्ली घाटातून गाडीने नेली. सगळी वाडी हसली, "कोंबडीचं पोस्टमार्टम!"

आता रिपोर्ट आलाय. भाच्याने वाचून दाखवला, पण डोक्यात नुसता गोंधळ झाला. ऑटोलिसिस, फॅटी चेंज, क्रॉनिक एग पेरिटोनायटिस, ई. कोलाय, अ‍ॅस्कॅरिडिया. खाली औषधांची यादी आणि पुढे 'एस', 'आर'. शेजारी माझ्या चुलत जाऊबाई राहतात. चंपी त्यांच्या लाल माठाच्या वाफ्यात घुसायची. "एक दिवस हिला बघतेच," असं त्या म्हणाल्या होत्या. चंपीचं पोट हिरवं-काळं पडलं होतं, म्हणून मला विषाचा संशय आहे. त्यांच्याशी बोलणं सोडलंय. भाचा म्हणतो, काळजात चरबी होती. मग माझ्या भात-खोबऱ्यानेच ती गेली का? बाकीच्या दोघींना यादीतलं औषध देऊ का? त्यांची अंडी खावीत का? मरायच्या आधी तीनेक आठवडे ती मऊ कवचाची अंडी घालत होती. शेवटचं एक अजून फ्रिजमध्ये आहे.

– चंपीची आई

———

ताई, नमस्कार.

हसणाऱ्यांत मला धरू नका. मी नोकरीला लागलो तेव्हा देवगडकडच्या एका म्हाताऱ्या आजीने मेलेली कोंबडी पदराखाली झाकून दवाखान्यात आणली होती. मी नवा होतो, घाईत होतो. म्हटलं, "आजी, कोंबडीच ती, दुसरी घ्या." त्या म्हणाल्या, "दुसरी घेतलय म्हणान ती हीच होतली काय रे?" त्यानंतर कुठल्याही मालकाला मी 'दुसरी घ्या' म्हटलेलं नाही.

तुम्ही पाठवलेल्या फोटोंतून रिपोर्टची दोन्ही पानं वाचली. लिहिणाऱ्याने काम चोख केलंय. अडचण एवढीच की तुम्ही तो वरून खाली वाचलात आणि प्रत्येक शब्द तुम्हाला सारख्याच जोराने लागला. असा रिपोर्ट पंचनाम्यासारखा असतो. पंचनाम्यात फुटलेलं कुलूपही लिहितात आणि भिंतीवरचं कॅलेंडरही लिहितात. जे दिसलं ते सगळं नोंदवायचं हा नियम. त्यातलं कुलूप कोणतं आणि कॅलेंडर कोणतं, हे ओळखलं की निम्मा गोंधळ मिटतो.

आधी तो हिरवा-काळा रंग, कारण सगळ्या संशयाचं मूळ तिथेच आहे. 'ऑटोलिसिस' हा रोग नाही. मेल्यानंतर शरीर आपल्याच पाचकरसांनी आणि जंतूंनी आतून विरघळायला लागतं, त्याला दिलेलं ते नाव. कोंबडीच्या अंगाचं तापमान आपल्यापेक्षा जास्त, 41 ते 42 अंश सेल्सिअस. वर पिसांची गोधडी, त्यात वैशाखातला आपला किनारा. जीव गेला तरी ती उष्णता तासन्‌तास आत कोंडून राहते. पित्त पिशवीतून पाझरून आजूबाजूला हिरवं करतं आणि आतड्यातले जंतू पोटाची कातडी हिरवी-काळी करतात. बाजारातून आणलेला बांगडा दुपारपर्यंत ओट्यावर राहिला तर त्याच्या पोटाचं काय होतं, ते तुम्हाला मी सांगायला नको. चंपी दीड दिवस बर्फाशिवाय होती. तो रंग उशिराचा आहे, विषाचा नव्हे.

(पुढे कुणावर अशी वेळ आली तर मासे ठेवायची थर्माकोलची पेटी आणि बर्फ घ्या, कोकणात दोन्हींची वानवा नाही. पिसं साबणाच्या पाण्याने पार कातडीपर्यंत भिजवा, म्हणजे अंग लवकर गार होतं. मग पिशवीत घालून बर्फावर ठेवा आणि 24 तासांच्या आत पोचवा. फ्रीझरमध्ये मात्र नको. गोठताना आतल्या पेशी फाटतात आणि मग सूक्ष्मदर्शकाखाली बघण्यासारखं फारसं उरत नाही.)

आता कुलूप. 'क्रॉनिक एग पेरिटोनायटिस.'

तुम्ही आयुष्यात कितीतरी कोंबड्या साफ केल्या असतील. घालत्या कोंबडीच्या पोटात लहान-मोठ्या पिवळ्या बलकांचा घोस असतो, तो पाहिलाच असेल. ते अंडाशय, आणि कोंबडीला ते डाव्या बाजूचंच कामाचं असतं. तयार झालेला बलक घोसातून सुटतो आणि अंडनलिकेचं नरसाळ्यासारखं तोंड तो झेलतं. पुढे नलिकेत त्यावर पांढरा चढतो, मग पापुद्रा, मग कवच. या सगळ्याला 24 ते 26 तास लागतात, त्यातले 20 च्या आसपास एकट्या कवचाला. कधी कधी झेल सुटतो आणि बलक थेट पोटाच्या पोकळीत पडतो. एखादा पडला तर शरीर तो शोषून घेतं, कुणाला कळतही नाही. पण झेल वारंवार सुटायला लागले, किंवा मागच्या वाटेने जंतू नलिकेतून वर चढले, की बिनसतं. बलक म्हणजे जंतूंना आयतं पक्वान्न. पोटाच्या आतल्या अस्तराला सूज येते, पाणी साठतं. एग पेरिटोनायटिस म्हणतात तो हाच.

चंपीच्या पोटात काय दिसलं ते रिपोर्टच्या पहिल्या पानावर आहे. गढूळ पिवळं पाणी. आतड्यांच्या वेटोळ्यांत उकडलेल्या बलकासारखे घट्ट गोळे. आतडी जागोजागी एकमेकांना चिकटलेली. अंडनलिका सुजलेली. छातीचं मांस झडून मधलं हाड वर आलेलं.

हे एका रात्रीत होत नाही, ताई. पातळ बलकाचा घट्ट गोळा व्हायला दिवस जातात. आतडी एकमेकांना चिकटायला, छातीचं मांस झडायला आठवडे जातात. म्हणूनच त्यांनी 'क्रॉनिक' लिहिलंय, म्हणजे जुनाट. माझ्या मते दोन पानांतला सगळ्यात वजनदार शब्द हाच. ज्या सकाळी ती तुम्हाला खुराड्यात सापडली, त्याच्या कितीतरी आधीपासून ती आजारी होती. तीन आठवड्यांपूर्वीची मऊ अंडी त्याच गोष्टीतली.

हे मेल्यानंतर सडल्यामुळे दिसलं नसेल कशावरून? दुसऱ्या पानावर सूक्ष्मदर्शकाखालचं वर्णन आहे. तिथे पोटाच्या अस्तरात सुजेच्या पेशींची गर्दी दिसल्याचं लिहिलंय. या पेशी रक्तातून चालत येतात आणि त्यासाठी रक्त वाहतं लागतं. मेलेल्या अंगाला सूज येत नाही.

आणि विष? प्रामाणिकपणे सांगतो, विषाची रासायनिक तपासणी वेगळी असते. ती मागितलेली नव्हती आणि झालेलीही नाही. तेव्हा 'विष नव्हतं' असं हा कागद शपथेवर सांगत नाही. पण आणखी एक ओळ तुमच्या नजरेतून सुटली असेल: 'क्रॉप एम्प्टी'. गळ्याखालची अन्नाची पिशवी रिकामी होती. उंदरांचं औषध किंवा फवारलेला दाणा खाऊन कोंबडी काही तासांत मेली, तर तो दाणा बहुधा त्या पिशवीतच सापडतो. चंपीने शेवटचा दिवसभर तरी काही खाल्लेलं नसावं. मरायला पुरेसं कारण पोटात समोर दिसत असताना आणि पिशवी रिकामी असताना मी तरी जाऊबाईंच्या माठापर्यंत जाणार नाही. "एक दिवस हिला बघतेच" हे वाक्य माझ्या कोथिंबिरीच्या वाफ्यावरून मी स्वतः शेजाऱ्यांच्या कोंबड्याला कैकदा ऐकवलंय. तो म्हातारा होऊन मेला.

आता काळजाकडे, म्हणजे यकृताकडे येऊ. तुमच्या पत्रात सगळ्यात जास्त तुम्हाला हेच टोचतंय असं दिसतं. बलकातली चरबी तयार होते कोंबडीच्या काळजातच. त्यामुळे घालत्या कोंबडीचं काळीज कोंबड्याच्या काळजापेक्षा थोडं पिवळट असणारच. कलेजी घेताना हा फरक तुम्हीही पाहिला असेल. रिपोर्टमध्ये 'फॅटी चेंज' च्या आधी 'माइल्ड', म्हणजे सौम्य, आहे. भाच्याने तो शब्द बहुतेक घाईत गिळला. चरबीने खरोखर जीव जातो तेव्हा काळीज लोण्यासारखं ठिसूळ होऊन फुटतं, पोटात रक्ताची मोठी गुठळी सापडते आणि कोंबडी चांगली लठ्ठ असताना, बहुधा उन्हाळ्यात, उभ्या उभ्या कोसळते. चंपीच्या पोटात रक्त नव्हतं आणि ती लठ्ठ तर नव्हतीच. तुमच्या भाताने ती गेलेली नाही.

तरीही भात-खोबरं कमी करा. चंपीचा याच्याशी संबंध नाही, पण उरलेल्या दोघी आहेत ना. पेज, भात, नारळाचा चोथा हे त्यांना आवडतं. तेवढ्यावर पोट भरलं की त्या प्रथिनं आणि चुना मिळणारं खाणं सोडतात. मुख्य खाणं अंड्यावरच्या कोंबड्यांचं तयार खाद्य असू द्या आणि हा खाऊ दिवसाच्या खाण्याच्या दहाव्या भागाइतकाच. पावसाळ्यात बुरशीचा वास येणारी पेंड किंवा मका पडवीत दिसला तर तो फेकाच. बुरशीचं विष काळजावरच बसतं. खारा बांगडा, खारवलेलं सुकट हेही नको, कोंबडीला एवढं मीठ झेपत नाही.

अ‍ॅस्कॅरिडिया म्हणजे गोल जंत. चार सापडले. दारात चरणाऱ्या कोंबडीच्या आतड्यात चार जंत म्हणजे भिंतीवरचं कॅलेंडर. दोघींना जंताचं औषध पाजून घ्या, किती आणि कधी ते दवाखान्यात विचारा, आणि ते दिल्यावर किती दिवस अंडी खायची नाहीत हेही विचारा.

ई. कोलाय हा जंतू प्रत्येक कोंबडीच्या आतड्यात असतो, तुमच्या-माझ्याही असतो. तो नको तिथे, म्हणजे पोटातल्या पाण्यात सापडला म्हणून नोंदवलाय. नेहमी मी एक शंका घेतो: कोंबडी दीड दिवस उन्हाळ्यात राहिली तर आतड्यातला जंतू मेल्यावरही बाहेर पसरतो, त्यामुळे नुसत्या जंतूवर विसंबू नये. इथे सूजही सापडलीय, म्हणून मी तो खरा धरतो. खालच्या यादीचा अर्थ एवढाच की प्रयोगशाळेत त्या जंतूवर कोणतं औषध चाललं ('एस') आणि कोणतं नाही चाललं ('आर'). ती यादी त्या जंतूची आहे, तुमच्या दोन जिवंत कोंबड्यांची नव्हे. भाच्याला सांगा, धडधाकट कोंबडीला अँटिबायोटिक द्यायचं नाही. अंड्यात औषध उतरतं आणि जंतू शहाणे होतात. यादीतलं कोलिस्टिन तर आपल्याकडे 2019 पासून खाण्याच्या जनावरांना द्यायलाच बंदी आहे.

चंपीचा आजार साथीचा नव्हता. दोघींची अंडी खा, नीट शिजवून. तडकलेली आणि विष्ठेने माखलेली टाकून द्या. घालायच्या जागेतला पेंढा ओला राहू देऊ नका, पावसात दर दोन-तीन दिवसांनी बदला.

रिपोर्टमध्ये जे नाही त्यालाही किंमत असते. जठराच्या जागी 'एन.ए.डी.' लिहिलंय, म्हणजे वावगं काही आढळलं नाही. मानमोडी या कोंबड्यांच्या साथीच्या रोगात तिथे बहुतेकदा रक्ताचे ठिपके दिसतात. त्या रोगाला आपल्याकडे राणीखेत म्हणतात. 1927-28 च्या सुमाराला उत्तराखंडातल्या त्या गावी तो नोंदला गेला, तेच नाव पडलं. चंपीला तो नव्हता, पण दोघींची लस राहून गेली असेल तर या पावसाळ्यात टोचून घ्या. आणि कधी दोन दिवसांत एकीपेक्षा जास्त कोंबड्या मेल्या, किंवा आजूबाजूला कावळे मरून पडायला लागले, तर भाच्याच्या गाडीची वाट बघू नका. हात लावू नका, उघडून तर मुळीच बघू नका. दवाखान्यात कळवा किंवा 1962 या पशुवैद्यकीय मदत क्रमांकावर फोन करा. बर्ड फ्लू म्हणजे 2006 साली कुठल्या तरी नवापुरात आलेली साथ असं वाटत असेल, तर 2021 च्या जानेवारीत दापोलीतल्या कावळ्यांतही तो सापडला होता, तुमच्यापासून खाडीपलीकडे.

तुम्ही विचारलं नाहीत तो प्रश्न ओळींमधून दिसतोय: वेळीच कळलं असतं तर?

मऊ अंडी ही खूण होती, नाही म्हणणार नाही. पण मऊ अंडं उन्हानेही येतं, चुना कमी पडला तरी येतं, आणि बहुतेक वेळा आपलं आपण थांबतं. कोंबडी दुखणं लपवण्यात पटाईत असते. चार जणींत जी मलूल दिसते तिच्यावर आधी घार येते आणि बाकीच्या कोंबड्याही तिलाच टोचतात. म्हणून ती पिसं फुलवून, दाणा टिपल्यासारखं करून दिवस काढते. 'आदल्या दिवशी गप्प होती' म्हणजे सोंग वठवायची ताकद त्या दिवशी संपली. तीन आठवडे आधी माझ्याकडे आणली असती तर मी पाणी काढलं असतं, औषध दिलं असतं. काही कोंबड्या त्याने सावरतात, बऱ्याचदा पुढच्या अंड्यांबरोबर आजार परत येतो. शिवाय टेम्पोतली तपकिरी कोंबडी अंड्यांसाठीच घडवलेली. आपली गावठी वर्षाला 60-70 अंडी घालून खुडूक बसते आणि नलिकेला विसावा देते. ही तपकिरी जात खुडूक बसायचंच विसरलीय, वर्षाला अडीचशे-तीनशे अंडी रेटते. दोन-तीन वर्षांनी तिच्यात हे दुखणं पुष्कळ दिसतं.

दोघींसाठी एक सवय लावा. आठवड्यातून एकदा, तिन्हीसांजेला त्या खुराड्यात शांत झाल्या की एकेकीला उचला. छातीचं मधलं हाड चाचपा. दोन्ही बाजूंना मांस भरलेलं लागलं पाहिजे. हाड सुरीच्या पाठीसारखं वर लागलं तर कोंबडी कितीही गुबगुबीत दिसो, ती वाळतेय. पिसं फसवतात. चंपी तुम्हाला भरलेली वाटत होती ती पोटातल्या पाण्यामुळे. मग शेपटीखाली पोटाला हात लावा. मळलेल्या कणकेसारखं लागलं तर ठीक, पाणी भरलेल्या फुग्यासारखं लागलं किंवा बदकासारखी उभी चालायला लागली, तर दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखाना. तिसऱ्यांची आणि कालवांची शिंपलं तुमच्याकडे परसात पडलेली असतीलच. ती मीठ जाईपर्यंत धुवा, वाळवा, जाडसर कुटा आणि वेगळ्या करवंटीत ठेवा. खाण्यात मिसळू नका, किती खायची ते कोंबडीला कळतं.

जाऊबाईंबद्दल. तुम्ही बोलणं का सोडलंत हे त्यांना ठाऊक असेलच असं नाही. तेव्हा माफीबिफीने सुरुवात करू नका, नाहीतर जे त्यांच्या मनातही नव्हतं ते घालून याल. 'चंपीच्या पोटात अंडं फुटलं होतं, रिपोर्ट आलाय,' एवढं सांगा. आणि घरातलं एखादं जुनं मासेमारीचं जाळं घेऊन जा, त्यांच्या वाफ्याभोवती दोघी मिळून बांधा. उरलेल्या दोघीही माठ खातातच, हे तुम्ही पत्रात लिहिलं नाहीत, पण मला कोंबड्या ठाऊक आहेत. हे गणपतीच्या आधी उरका. आरतीला एका माजघरात उभं राहून एकमेकींकडे न बघणं फार अवघड जातं.

राहिलं ते अंडं. खाऊ नका, कुणाला देऊ नका. मऊ कवचातून जंतू सहज आत-बाहेर करतात, आणि ते आलंय सुजलेल्या नलिकेतून. ठेवून राहण्यासारखीही ती वस्तू नाही. एक दिवस ते फ्रिजमध्येच फुटेल आणि मग आठवण राहील ती वासाची. चंपी ज्या कोपऱ्यात मातीत लोळायची, तिथे हातभर खड्डा करा, अंडं ठेवा, वर जांभ्याचा एक चिरा ठेवा म्हणजे मुंगूस उकरणार नाही. मग हात साबणाने धुवा. आणि तोवर निदान आजच्या आज ते दुधाच्या पातेल्याशेजारून हलवा.